तराजूसाहेबांचं हृदय

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, वजनमापे निरीक्षक होते. सरकारने दिलेली पितळी वजनांची पेटी घेऊन ते बाजारात शिरले की दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळायचं. बाजारात त्यांना तराजूसाहेब म्हणत. तोंडावर साहेब, पाठीमागे नुसतं तराजू, आणि पाठ पुरेशी लांब गेली की जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भाऊजींना माणसांबद्दल मुळातच आदर कमी. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोकळ केलेलं वजन, वारा नेमका एकाच पारड्यावर येईल असा टांगलेला पंखा, गिऱ्हाइकाला गप्पांत गुंतवून काट्यावर टेकवलेलं करंगळीचं टोक, हे सगळं रोज बघणाऱ्या माणसाचा चेहरा जसा होईल तसा त्यांचा झाला होता. खालचा ओठ कायम थोडा पुढे. कुणी काही चांगलं सांगायला लागलं की तो आणखी पुढे यायचा.

माझं चष्म्याचं दुकान आहे. ते उघडलं त्या दिवशी भाऊजी आले. अभिनंदन राहिलं बाजूला, खिशातून टेप काढून त्यांनी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यापासून खुर्चीपर्यंतचं अंतर मोजलं आणि म्हणाले, "चार बोटं कमी आहे. म्हणजे तुझी गिऱ्हाइकं आहेत त्यापेक्षा बरं बघतात असं तुला वाटणार."

खरंच कमी होतं. म्हणून तर जास्त राग आला.

ताई बालवाडीत शिकवायची. स्वभावाने गोड, पण इतकी वर्षं भाऊजींबरोबर काढून तिच्या गोडव्याला एक धार आली होती. बाजारात दुकानदार तिला एक दाणा कमी द्यायचे नाहीत आणि एक शब्द जास्त बोलायचे नाहीत. ती म्हणायची, "माझ्या पिशवीत माल पुरेपूर असतो गं, पण चार माणसांत हसून बोलणं मला कधी मापात मिळालं नाही."

निवृत्त झाल्यावर भाऊजींचं काय होणार याची आम्हाला काळजी होती. ते घरी पावाचे पुडे वजन करू लागले होते, कंपन्यांना पत्रं धाडू लागले होते. ताई माहेरी येऊन राहायची भाषा करायला लागली. तेवढ्यात समोरच्या घरातला टेलर वारला आणि भाऊजींना काम मिळालं.

टेलर म्हणजे भाऊजींचा बुद्धिबळातला भिडू, त्यांना लाभलेला बहुधा एकमेव मित्र. तो शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हृदयाच्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेला आणि परत आला तो चौघांनी उचलून. त्याच्या बायकोने सर्जनला एवढंच विचारलं की, तुमच्याकडे असं किती जणांचं होतं? सर्जन म्हणाला, "प्रत्येक रुग्ण वेगळा असतो, बाई."

भाऊजी तिथेच उभे होते. घरी येईपर्यंत त्यांचा ओठ हनुवटीला भिडला होता.

"बटाटेवाला किलोमागे एक बटाटा कमी द्यायचा, तर मी त्याला कोर्टात उभा करायचो," ते म्हणाले. "आणि हे लोक माणसं कमी परत देतात, त्यांना विचारायचंसुद्धा नाही?"

मग सुरू झालं. पत्रं, सभा, अर्ज, निवृत्त लोकांची एक नागरिक समिती. मागणी एकच: हृदयाच्या प्रत्येक सर्जनने वर्षाला किती ऑपरेशनं केली आणि त्यातले किती रुग्ण महिन्याच्या आत गेले, हे सरकारने नावानिशी छापावं. डॉक्टरांच्या संघटनेचा अध्यक्ष एका सभेत गळ्यात रेशमी टाय घालून म्हणाला, "शस्त्रक्रिया ही कला आहे. कलेला फूटपट्टी लावता येत नाही."

भाऊजी मागच्या रांगेतून उठले. "कला असेल तर तिकीट लावा. आम्ही येऊ, टाळ्या वाजवू, घरी जाऊ. छाती कशाला फाडता?"

काही वर्षं हे चाललं, आणि कुठल्याशा निवडणुकीच्या आधी आरोग्य खात्याने एकदाची यादी छापली. पहिल्या नंबरपासून शेवटच्या नंबरपर्यंत सगळे सर्जन, पुढे आकडे. भाऊजींनी ती फ्रिजवर चिकटवली. ताईला दूध काढायचं तरी त्या यादीला नमस्कार केल्यासारखं वाकावं लागायचं.

त्या यादीने भलं केलंच नाही असं मी म्हणणार नाही. एका सर्जनच्या हाताला कंप सुटला होता, हे त्याच्या सगळ्या नर्सेसना माहीत होतं. यादी आल्यावर त्यालाही माहीत झालं आणि तो शिकवायला निघून गेला. एका हॉस्पिटलात ऑपरेशन नीट व्हायचं आणि मग रुग्ण जखमेत पू होऊन जायचे. आकडा छापून आल्यावर तिथली हात धुवायची बेसिनं दुरुस्त झाली. इतकी वर्षं त्या तुटक्या नळांसमोरून मोठमोठे डॉक्टर ये-जा करत होते, पण नळ दिसायला वर्तमानपत्र लागलं.

ते पहिलं वर्ष. पुढे हॉस्पिटलवाले शहाणे झाले. चौकाचौकांत फलक लागले: हात बांधून उभा असलेला पहिल्या नंबरचा सर्जन, आणि त्याच्या डोक्यापेक्षा मोठा आकडा, शंभरात नव्व्याण्णव यशस्वी. त्या फलकाखाली सिग्नलला थांबलं की भाऊजी छाती पुढे काढायचे, जणू नव्व्याण्णव जणांना त्यांनीच टाके घातलेत.

आणि मग ती छाती दुखायला लागली.

आधी जिना चढताना, मग सपाटीवर, मग अंघोळ करून अंग पुसतानासुद्धा. तपासण्या झाल्या. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप चुना साचून दगडासारखी झाली होती, दोन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या, आणि मधुमेहाने मूत्रपिंडं अर्ध्यावर आणली होती. आमच्या नेहमीच्या हृदयरोगतज्ज्ञाने सांगितलं, ऑपरेशन लवकर करा.

भाऊजींनी फ्रिजकडे बोट दाखवलं. "पहिला नंबर."

पहिल्या नंबरच्या हॉस्पिटलात मी त्यांच्याबरोबर गेले. स्वागतकक्षात मोठ्या पडद्यावर तोच आकडा फिरत होता. सर्जनच्या खोलीत माशांची पेटी, टेबलावर उघडझाप होणारं प्लास्टिकचं हृदय, आणि भिंतीवर चौकटीत लावलेलं यादीचं पहिलं पान. भाऊजी ते पान बघून असे खुलले, की जणू कुणाच्या घरी आपला फोटो लावलेला दिसावा.

सर्जनने रिपोर्ट चाळले. माणूस दिसायला छान, बोलायला त्याहून छान. "तुमची केस मी आमच्या टीमसमोर ठेवली," तो म्हणाला. "आमचं मत असं पडलं, की तूर्त औषधांवर राहावं."

"औषधाने झडप उघडेल?" भाऊजींनी विचारलं.

"उघडणार नाही."

"मग?"

"त्रास थोडा कमी वाटेल."

"ऑपरेशन केलं, तर माझ्यासारखे शंभरातले किती वाचतात?"

"पंच्याऐंशी. तुमच्या मूत्रपिंडांकडे बघता ऐंशी म्हणा."

"आणि नाही केलं, तर वर्षभरात किती उरतात?"

सर्जन माशांकडे बघायला लागला. "निम्मे," तो म्हणाला.

"मग विचार कसला करताय?"

"हे बघा, प्रत्येक केंद्राचे काही निकष असतात. ते तुम्ही समजून घ्या." असं म्हणून त्याने प्लास्टिकचं हृदय बंद केलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये त्यांची समन्वयक म्हणवणारी मुलगी आमच्या मागे धावत आली. फाइल परत करायची राहिली होती. पोरगी खरंच गोड होती. "काका, वाईट वाटून घेऊ नका. गेल्या वर्षी असे दोन अवघड पेशंट घेतले, तर साहेबांचा नंबर चौथ्यावर गेला होता. केवढे नाराज होते साहेब!"

भाऊजी भिंतीला धरून उभे होते. "आणि मी घरी मेलो, तर ते कुणाच्या नावावर?"

"घरी?" ती गोंधळली. "घरचे नाही मोजत, काका."

दुसऱ्या नंबरच्या सर्जनने भाऊजींचं तोंडही बघितलं नाही, फोनवरूनच कळवलं. तिसऱ्याने ऑपरेशनची तारीख दिली, मग मूत्रपिंडांचा रिपोर्ट बघितला आणि एकाएकी परदेशात परिषदेला गेला. ती परिषद बहुतेक अजून चालू आहे.

भाऊजी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहिले. चार उशा पाठीशी लावून बसलं तरच श्वास पुरायचा. म्हणाले, "मी काय करून ठेवलं कळतंय का तुम्हाला? तराजू चोख बसवला. काट्यात फरक नाही. पण पारड्यात काय टाकायचं ते दुकानदार ठरवतोय. चांगला माल तेवढा वर घेतो आणि सडका काउंटरखाली ढकलतो."

"सडका म्हणजे तुम्ही?" ताईने विचारलं.

"मी."

"चला. एवढ्या वर्षांत घरातल्या एका तरी माणसाचं खरं माप निघालं."

भाऊजी हसले आणि हसताना त्यांना धाप लागली. धाप ओसरेपर्यंत ताई त्यांची पाठ चोळत राहिली. मग ती उठली, फ्रिजवरची यादी ओरबाडून काढली आणि माझ्यासमोर टाकली. "खालून वाच."

शेवटच्या नंबरवर सरकारी हॉस्पिटलातल्या एका सर्जनबाईंचं नाव होतं. ताईने त्यांची चौकशी आधीच केली होती. बालवाडीतल्या एका मुलाच्या आजोबांना तीन ठिकाणी नकार मिळाला होता, त्यांचं ऑपरेशन याच बाईंनी केलं होतं आणि आजोबा रोज नातवाला सोडायला यायचे.

"शेवटच्या नंबरकडे?" भाऊजी म्हणाले. "मी? उद्या बाजारात तोंड दाखवायची सोय राहणार नाही."

"बाजारात कोण वाट बघतंय तुमची?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व तुम्हाला पाठ चोळून देत नाही रात्री!" ताईचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासलेत. तुमचा स्वतःचा कधी तपासलात? कागदावर पहिला म्हणून ज्याच्याकडे गेलात, त्याने दारातून घालवलं. आता कागदावर शेवटची आहे तिच्याकडे जायला लाज वाटते? बसा मग. मी बाजारातून पांढरं कापड आणते. पुरेपूर मोजून देतील, काळजी करू नका."

भाऊजींनी मुकाट्याने बूट मागितले.

सर्जनबाईंच्या खोलीत एक टेबल आणि तीन खुर्च्या, त्यातल्या एका खुर्चीवर फाइली बसलेल्या. बाई ठेंगण्या, जाडसर, उभ्याउभ्याच पाव खात होत्या. भाऊजींनी नमस्कारचमत्कार न करता सरळ विचारलं, "तुम्ही यादीत शेवटच्या का?"

"शेवटून पहिली म्हणा, बरं वाटतं," बाई म्हणाल्या. "वरच्यांनी नाकारलेले सगळे माझ्याकडे येतात. खातं म्हणतं, रुग्ण किती नाजूक होता ते धरूनच आम्ही आकडा काढतो. काढतात बापडे, पण सगळा नाजूकपणा काही त्यांच्या रकान्यांत मावत नाही."

भाऊजींचा ओठ पुढे आला. "म्हणजे यादी खोटी. दोष तुमच्याकडे काहीच नाही."

बाईंनी पाव खाली ठेवला. "असं मी कुठे म्हणाले? गेल्या वर्षी माझ्याकडचे दोघं गेले ते जायला नको होते. एकाच्या वेळी मी ऑपरेशन फार लांबवलं, दुसऱ्याचा रक्तस्राव उशिरा ओळखला. मोजलं नसतं तर त्यांनाही मी नाजूक होते म्हणून सोडून दिलं असतं. छापून आलं म्हणून मला रोज आठवतं. तुमच्या यादीचा मला राग नाही. वरच्या नंबरवाल्यांच्या शहाणपणाचा आहे. आणि माझ्या अधीक्षकांचा आहे. ते परवाच म्हणाले, बाई, यंदा जरा सोपे पेशंट बघा, हॉस्पिटलची बदनामी होते."

"मग मला घेणार नाही?"

"तुम्ही मेलात तर माझा आकडा आणखी बिघडेल. तुम्हाला चालेल का?"

भाऊजी चक्रावले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "तुम्हाला चालेल का?" ते म्हणाले.

"मला सवय आहे," बाई म्हणाल्या आणि उरलेला पाव तोंडात टाकला.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दिवस कलेपर्यंत चाललं. आम्ही बाकावर. ताई इतकी गप्प, की शेजारच्या बाईने मला खुणेने विचारलं, यांना ऐकू येत नाही का? शेवटी सर्जनबाई बाहेर आल्या, टोपी काढली, घामाने केस कपाळाला चिकटलेले. "झडप बसली. दोन्ही रक्तवाहिन्या जोडल्या. हृदय चालू आहे. बाकी उद्या बघू."

बाकीचं चांगलं नव्हतं. मूत्रपिंडं रुसली, काही आठवडे मशीनवर रक्त शुद्ध करावं लागलं. आणि भाऊजींना शुद्ध आली तेव्हा त्यांचा उजवा हात हलेना. मेंदूला जाणाऱ्या एका बारीक रक्तवाहिनीत चुन्याचा कण अडकला होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि जीभ जड झाली होती. सर्जनबाई स्वतः येऊन सांगून गेल्या. कारण सांगितलं, दुःख झालं असंही सांगितलं, आणि पाय ओढत निघून गेल्या.

घरी आल्यावर आरोग्य खात्याच्या कर्मचाऱ्याचा फोन आला. फोन मी घेतला. ऑपरेशनला महिना झाला, पेशंट जिवंत आहे का, एवढंच त्याला हवं होतं.

"आहे," मी म्हटलं. "पण त्यांचा हात..."

"हात नाही विचारायचा आम्हाला, मॅडम. जिवंत आहे. म्हणजे यशस्वी. धन्यवाद."

मी हे भाऊजींना सांगितलं. ते एकेक अक्षर तोंडात घोळवत म्हणाले, "म्हणजे... मी... यशस्वी." आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून मला दाखवला, खराब निघालेला माल दाखवतात तसा.

पण त्यांना श्वास पुरू लागला होता, हेही खरं. ते आडवं होऊन झोपू शकत होते. काठी घेऊन नाक्यापर्यंत जाऊ शकत होते. ताईला विचाराल, तर ती तेवढ्यावर खूश होती.

मग ते नवं खूळ घेऊन बसले. सर्जन ज्यांना नाही म्हणतात, तेही मोजा. ते सांगायचे, मी लिहायचे. खात्याचं उत्तर आलं, की 'नाकारलेला रुग्ण' या संज्ञेची व्याख्या उपलब्ध नाही. आम्ही व्याख्या करून पाठवली. उत्तर आलं, की व्याख्या करण्याचा अधिकार खात्याचा आहे. भाऊजी आजारी होते, पण खातं ठणठणीत होतं.

त्यांची जुनी नागरिक समिती आता बाळसं धरून बसली होती. कोटावर लावायचे बिल्ले, दरवर्षी गौरवसोहळा, आणि सोहळ्याचा खर्च कोण करतं, तर पहिल्या नंबरचं हॉस्पिटल. त्या वर्षी समितीला आठवलं, की आपले एक संस्थापक अजून जिवंत आहेत. पहिल्या नंबरच्या सर्जनला सन्मानचिन्ह त्यांच्या हातून द्यायचं ठरलं.

"जायचं," भाऊजी म्हणाले. ताई नको म्हणत होती, पण त्यांनी भाषण तयार केलं आणि आरशासमोर बसून जिभेला वळण लावलं.

सभागृह भरलेलं होतं. सर्जनने भाऊजींचा लुळा हात दोन्ही हातांत धरून हसत फोटो काढून घेतला. त्याला ते मुळीच आठवत नव्हते. भाऊजी माईकजवळ गेले आणि बोलायला लागले. "यांनी... मला... घेतलं नाही. मरायला... घरी पाठवलं. म्हणून हे... पहिले." मला शब्द न् शब्द कळत होता, कारण मी ते भाषण रोज ऐकत होते. सभागृहाला काहीच कळत नव्हतं. भाऊजींना चीड आली की डोळ्यांत पाणी येतं, आजारानंतर तर जास्तच. त्यांच्या गालावरून ओघळ लागले.

निवेदिकेने हळूच माईक स्वतःकडे ओढला. "संस्थापकांना भावना अनावर झाल्या आहेत," ती गहिवरून म्हणाली. "स्वतः हृदयरुग्ण असल्याने, आपल्या लाडक्या सर्जनसाहेबांचं मोल त्यांच्याइतकं कुणाला कळणार? जोरदार टाळ्या!"

लोक उभे राहिले. उभे राहून टाळ्या वाजवल्या. मी व्यासपीठावर चढून ओरडायला हवं होतं असं वाटेल कुणाला, पण भाऊजी डाव्या हाताने मला खूण करत होते, घरी चल, घरी चल. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला: कृतज्ञ रुग्णाचे अश्रू. ताईने त्या कागदात भाजीची सालं गुंडाळली.

त्यानंतरची यादी आली तेव्हा सर्जनबाई शेवटच्या नंबरवरून मधोमध आल्या होत्या. मला वाटलं, भाऊजी खूश होतील. त्यांनी यादी खाली ठेवली आणि फोन लावायला सांगितला.

"नंबर... सुधारला," ते म्हणाले. "किती जणांना... नाही म्हणालात?"

फोन स्पीकरवर होता. बाई म्हणाल्या, "म्हणाले बऱ्याच जणांना. अधीक्षक आमचा विभाग बंद करायला निघाले होते. एक वर्ष निघू दे म्हटलं."

"तुम्ही... पण?" भाऊजी ओरडले. म्हणजे ओरडण्याचा त्यांनी प्रयत्न केला. बाईंनी फोन ठेवला.

"तिच्यावर काय ओरडता?" ताई चिडली. "तिनेच तर घेतलं तुम्हाला."

"म्हणून तर."

पुढच्या मंगळवारी भाऊजी काठी घेऊन बाहेर पडले आणि संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत. मी शोधत गेले, तर ते पहिल्या नंबरच्या हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर बसथांब्यावर बसलेले. आधी म्हणे आतल्या बाकावर बसले होते, रखवालदाराने उठवलं. मंगळवारी तिथे नवे रुग्ण तपासतात. फाटकातून फाइल छातीशी धरून, मान खाली घालून कुणी बाहेर आलं की भाऊजी विचारायचे, "नाही म्हणाले?" माणसं दचकायची. काही वेडा समजून पुढे जायची. काही बसायची. बसणाऱ्यांना ते सर्जनबाईंच्या हॉस्पिटलचा पत्ता सांगायचे, आणि मग दर मंगळवारी सोबत येऊ लागलेल्या ताईकडून बाईंना फोन लावून घ्यायचे.

"आणखी एक... पाठवतोय."

"मी घेणार नाही."

"बघा... तर खरं."

बाई बघायच्या. बघितलं की त्यांना नाही म्हणवत नसे, हे भाऊजींनी बरोबर हेरलं होतं. सगळ्यांना घेतलं नाही त्यांनी. काहींना म्हणाल्या, तुम्हाला कापण्यात खरंच अर्थ नाही, आणि का ते समोर बसवून सांगितलं. काहींना घेतलं. पुढच्या यादीत त्या पुन्हा तळाशी, आणि अधीक्षकांचा रक्तदाब वर.

भाऊजींनी पाठवलेला एक हमाल ऑपरेशनच्या टेबलावरच गेला. छातीने दणकट, पण हृदय ताणून ताणून पिशवीसारखं झालेलं. त्याचा थोरला मुलगा पुढच्या मंगळवारी बसथांब्यावर आला. ताई तिथे होती, तिनेच मला सांगितलं.

"तुम्हीच ना ते म्हातारे?" तो ओरडला. "मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नका करू. त्यांना कळत नव्हतं आणि तुम्हाला कळत होतं? माझा बाप चालत गेला हो तिथे!"

बसला थांबलेले लोक बघायला लागले. भाऊजींचा ओठ जागचा हलला नाही. ते काठीवर जोर देऊन उभे राहिले. ताई मध्ये पडायला गेली, तर तिला त्यांनी हाताने थांबवलं. त्या मुलाने मनातलं होतं नव्हतं ते सगळं बोलून घेतलं. शंभरातले ऐंशी वाचतात, हे भाऊजींना सांगता आलं असतं. ते सांगितलं नाही. शेवटी मुलगा रडायला लागला आणि थांब्याच्या बाकावर बसला, तेव्हा भाऊजी त्याच्या शेजारी बसले. त्याची बस येईपर्यंत दोघं तसेच बसून होते.

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. त्याच्या पुढच्या मंगळवारी गेले नाहीत. खिडकीशी बसून टेलरच्या घराकडे बघत राहिले. ताईने विचारलं तर म्हणाले, "त्याचा बाप... घरी आणखी... सहा महिने बसला असता."

"बसला असता," ताई म्हणाली. "चार उशा लावून."

पुढला मंगळवार आला. सकाळी मी दुकान उघडायच्या आधी त्यांच्या घरी डोकावले, तर ताई दारात पाण्याची बाटली आणि डबा घेऊन उभी. भाऊजी आत खुर्चीत.

"चला," ती म्हणाली.

"नको."

"मग मी एकटी जाते. पण मला ते रक्तवाहिन्याबिहिन्या काही सांगता येणार नाही. मी आपली 'तिकडे जा, बाई बरी आहे' एवढंच सांगेन. लोक मला वेडी म्हणतील."

भाऊजींनी तिच्याकडे नेहमीच्या तुच्छतेने बघितलं. तिने इतकी वर्षं झेललेली ती नजर होती. मग डाव्या हाताने खुर्चीचा हात धरून ते उठायला लागले. ताई मदतीला पुढे झाली नाही. डबा बदलून दुसऱ्या हातात घेतला आणि ते पुरते उभे राहीपर्यंत दारात थांबली.